भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि परिषदेची नोंदणी

कोथरूडकर:
माझी आई ७१ वर्षांची आहे. गुडघेदुखीसाठी ती चार महिने आमच्या भागातील एका निसर्गोपचार केंद्रात जात होती. तेथील उपचारकाने रक्तदाबाची गोळी थांबवण्यास सांगितले आणि तिने आम्हाला न विचारता ती थांबवली. रक्तदाब वाढल्याचे वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. भिंतीवर ‘नोंदणीकृत’ असे प्रमाणपत्र आहे, परंतु नीट वाचल्यावर त्यावरील क्रमांक ते देणाऱ्या न्यासाचा निघाला. अशा उपचारकांवर कोणत्या परिषदेचे नियंत्रण असते?

जुना वैद्य:
आईंची गोळी त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाली असेल, अशी आशा आहे. न्यासाची धर्मादाय आयुक्तांकडील नोंद ही संस्थेची नोंद असते, उपचार करणाऱ्याच्या पात्रतेची नव्हे. परिषद व्यक्तीची मान्य पदवी तपासून तिचे नाव नोंदवहीत घेते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते काढूनही टाकते. परिषदेचे खरे बळ या काढून टाकण्यात आहे. आम्हा वैद्यांसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन आहे, होमिओपॅथीची परिषद वेगळी, आणि ॲक्युपंक्चरसाठीही राज्याने स्वतंत्र कायदा केला. निसर्गोपचाराचे तसे नाही. २०२० चा भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाचा कायदा आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) यांच्यापुरता आहे. योग व निसर्गोपचार त्याच्या कक्षेबाहेर राहिले. गांधीजींनी जेथे मुक्काम केला त्या पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, आणि त्याच पुण्यात साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलेला निसर्गोपचारक व अल्पमुदतीचा वर्ग केलेला माणूस रुग्णाला एकसारख्याच पाट्यांखाली भेटतात, याचे मला मनापासून दुःख होते.

परदेशस्थ पुणेकर:
ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथी आणि कायरोप्रॅक्टिक या सांधे, स्नायू व मणक्यांवर हातांनी केल्या जाणाऱ्या उपचारपद्धतींना १९९३ व १९९४ च्या कायद्यांनी वैधानिक परिषदा मिळाल्या. इतर अनेक पूरक उपचारांसाठी २००८ पासून पूरक व नैसर्गिक आरोग्यसेवा परिषद काम करते, पण तिची नोंदवही ऐच्छिक आहे. तेथून नाव गेले तरी केवळ तेवढ्याने व्यवसाय बंद पडत नाही. तरीही प्रशिक्षण व विमा यांची खातरजमा करणारी आणि तक्रार ऐकणारी एक जागा रुग्णाला मिळते, हे मी मोलाचे मानतो. मात्र नोंद म्हणजे उपचार गुणकारी असल्याचा दाखला, असा अर्थ तेथेही काढता येत नाही.

कायद्याचा अभ्यासक:
परिषदेचा हात तिच्या नोंदवहीपुरताच पोहोचतो. हा उपचारक कोणत्याच नोंदवहीत नसेल, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करावी. नोंदणीविना वैद्यक व्यवसाय करण्यास महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार मनाई आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तक्रारीपूर्वी पावत्या व प्रमाणपत्राचे छायाचित्र जपून ठेवावे, आणि गोळी थांबवण्याचा सल्ला कोणत्या दिवशी, कोणासमक्ष दिला गेला, हे आईंच्या आठवणीत ताजे असतानाच लिहून घ्यावे.