मदत हवी आहे: लॅब कुत्रीचे डोळे आठ दिवसांत पांढरे, पायही टेकवत नाही

भैरवी_कोथरूड
आमची शेरी, लॅब्रेडॉर कुत्री, ९ वर्षं. मागचा डावा पाय उचलून चालते आणि दोन्ही डोळे आठ दिवसांत पांढरट झालेत. काल दारातल्या बादलीवर आदळली. आधी पायाचं ऑपरेशन करायचं की मोतीबिंदूचं? "व्हेटला दाखवा" नको, दाखवून झालंय.

आजोबा_नाशिककर
साखर तपासली का? म्हातारपणाचा मोतीबिंदू इतक्या घाईत येत नाही.

भैरवी_कोथरूड
डायबेटिस आहे ना, जूनपासून इन्सुलिन चालू आहे. लिहायचं राहिलं.

आजोबा_नाशिककर
अहो, मग राहिलं काय! कुत्र्याच्या डोळ्यातल्या भिंगात जादा साखरेचं सॉर्बिटॉल बनतं, ते पाणी ओढतं, भिंग फुगून पांढरं पडतं. १९९९ साली डायबेटिस असलेल्या २०० कुत्र्यांचा अभ्यास छापून आला होता, त्यात वर्षभरात ७५ टक्क्यांना मोतीबिंदू झालेला. डोळे लाल आहेत का? फुगलेल्या भिंगामुळे आत सूज येते, तिच्यावरचे औषधाचे थेंब घालायला ऑपरेशनपर्यंत थांबत नसतात.

टीपीएलओ_झालेला_बाप
डोळे सोडा, आधी गुडघा! आमच्या रॉटीचं (रॉटवायलर) गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं, हाड कापून प्लेट बसवली (तेच टीपीएलओ), आता पळतो. ड्रॉवर टेस्ट केली का, गुडघ्याखालचं हाड पुढे सरकतं का ते हाताने बघतात ती?

भैरवी_कोथरूड
ती नाही केली. एक्सरे काढला, हाड मोडलेलं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी लंगडणं कमी झालं होतं.

निसर्गवेडा
जांभळाच्या बियांची पूड द्या. आमच्या आईची साखर ३०० वरून उतरली.

आजोबा_नाशिककर
आई आणि लॅब्रेडॉर यांत फरक असतो हो. भैरवीताई, गोळ्यांचं नाव?

निसर्गवेडा
तुम्हा ॲलोपॅथीवाल्यांना चेष्टाच सुचते.

भैरवी_कोथरूड
प्रेडनिसोलोन. तीन आठवडे झाले.

दवाखान्यातली_मीरा
ते स्टेरॉइड आहे, साखर वाढवतं. पण एकदम बंद करू नका आणि दुखण्याची दुसरी गोळी त्यात घालू नका. साखरेवर इलाज करणाऱ्या डॉक्टरांना आजच हे कळवा. डोळ्यांच्या ऑपरेशनआधी साखर आटोक्यात लागते, शिवाय डोळ्याच्या पडद्याची ईआरजी करतात, म्हणजे तो काम करतो का याची तपासणी. पडदाच गेला असेल तर भिंग काढून उपयोग नाही. नसबंदी झालीय? नसेल तर माजानंतरच्या हार्मोन्सनीही साखर चढते.

बोकोबा
माझ्या बोक्यालाही डायबेटिस. डोळे स्वच्छ, पण मागून टाच टेकवून सशासारखा चालतो. त्यालाही प्लेट बसवावी लागेल का?

टीपीएलओ_झालेला_बाप
बसवा, खर्च वसूल होतो.

दवाखान्यातली_मीरा
काहीही काय! त्याच्या नसा दुखावल्यात, हाडं नाहीत. साखर नीट बसली तर चाल सुधारू शकते.

भैरवी_कोथरूड
नसबंदी झालीय. पण साखर हलतच नाही, ४०० च्या वर. १० युनिट दोनदा देते, तेही नेमाने. ज्या सिरिंजा मेडिकलवाल्याने दिल्या त्याच वापरते.

आजोबा_नाशिककर
सिरिंजच्या टोपीचा रंग सांगा. आणि बाटलीवर ४० लिहिलंय की १००?

भैरवी_कोथरूड
टोपी नारिंगी. बाटलीवर ४० आययू. का?

आजोबा_नाशिककर
नारिंगी टोपीची सिरिंज एका मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनची असते, ४० वाल्या बाटलीला लाल टोपीची लागते. म्हणजे तिच्या अंगात १० नाही, ४ च युनिट जातायत. पण स्वतःहून डोस वाढवू नका, साखर कोसळली तर झटके येतात.

भैरवी_कोथरूड
देवा. डॉक्टरांना फोन लावतेय.

निसर्गवेडा
पुडीचा पत्ता हवा असेल तर सांगा.