अनुभव धागा : मोठेपणी पुन्हा गळ हातात घेतलेल्यांनो, लिहा

मासेमारी म्हटलं की लोकांना कोकण आठवतं. आपल्या विदर्भात समुद्र नाही, पण भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते काही उगाच नाही. लहानपणी वेळूच्या काडीला दोरा बांधून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेले आपल्यात पुष्कळ असतील. मग शिक्षण, नोकरी, लग्न, आणि ती काडी कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. हल्ली ओळखीतले दोघं-तिघं पुन्हा सुरू झालेत, मीही झालोय. तुम्ही कसे सुरू झालात ते लिहा : कुठे बसता, काय लावता, परवानगी कोणाची, घरचे काय म्हणतात. मोठ्या माशासोबतचे फोटो नकोत, ते सगळीकडे आहेत.

अर्जुनी मोरगाव तालुका (धागा काढणारा)

सुरुवात मीच करतो. आमच्या गावचा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला, मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, १९५०-५१ ला गेली, तलाव सरकारजमा झाले, तरी लोकांच्या तोंडी अजून 'मालगुजारी'च. पोरगा होतो तेव्हा तलाव कोणाचा, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. आता परत आल्यावर कळलं, की मच्छीचा ठेका ढीवरांच्या, म्हणजे पिढीजात मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, सहकारी संस्थेकडे आहे. पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) तेच सोडतात, राखणही तेच करतात. म्हणून सामान घ्यायच्या आधी संस्थेच्या अध्यक्षांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते म्हणाले, "टाका ना जी गरी. गरीनं का तलाव रिकामा होते? पण रोहू-कतला लागला तर सोडा, नाहीतर भावानं घ्या. बाकी गावठी मच्छी तुमची." एवढंच ठरलं, कागद नाही. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. रॉड कुठला घ्यावा हा नंतरचा प्रश्न.

त्यांच्याकडूनच मग बाकीचं शिकलो. कतल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. त्यामुळे तरंगतं बोंड आणि गळ यांच्यात तंगूस (नायलॉनचा दोरा) किती सोडायचा, हे कोणता मासा हवा त्यावर ठरतं. लहानपणी आम्ही सगळीकडे सारखाच सोडायचो आणि नशिबाला बोल लावायचो. बोंड म्हणून मी ज्वारीच्या धांड्याचा तुकडा वापरतो. तो भिजून जड होतो, म्हणून दोन-तीन खिशात ठेवायचे. चारा म्हणजे भिजवलेली ढेप (तेलबियांची पेंड) आणि कणिक. गांडूळ लावलं की शिंगटी हमखास येते, पण तिच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे सांभाळा. काटा टोचला की हात ठणकतो, त्यामुळे गळ सोडवायला पकड जवळ असू द्या.

मोर्शीकडून

आमच्याकडे सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण. पाणी अफाट, वाराही अफाट, वेळूची काडी तिथे चालत नाही. रॉड-रील घेतलं. दुकानदार रीलचा ड्रॅग, म्हणजे तंगूस किती जोर लागल्यावर सरकेल ते ठरवणारा भाग, दाखवून देत नाही, तो स्वतः शिकावा लागतो. पुढची चकती एवढीच आवळायची, की हातानं जोरात ओढल्यावर तंगूस तुटायच्या आधी सरकायला हवा. आणि कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. विजेच्या तारांखालून जाताना तो आडवा धरा, आभाळ गडगडायला लागलं की गुंडाळून घरी जा. बाकी काही विशेष नाही, मच्छी मिळते.

साकोलीजवळची, शाळेत शिकवते

आमच्या भागात बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून हातजाळीनं झिंगे धरतात, त्याचं कोणालाच नवल वाटत नाही. पण तीच बाई गरी घेऊन पाळीवर खुर्ची टाकून बसली, की रस्त्यानं जाणारा सायकल थांबवतो. "मॅडम, सर घरी नाहीत का?" हे इतक्यांदा ऐकलंय, की आता आधीच सांगते, आहेत, भात टाकतायत.

मला मरळ या माशाचा नाद आहे. ती पाणवनस्पतींच्या कडेला दडून असते आणि हवा घ्यायला मधूनच वर येते. तो बुडबुडा ओळखता आला की अर्धं काम झालं. मात्र पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा वर तरंगताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात. ते गेले की सगळी पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

आमच्या तलावात बेशरम हे रानझुडूप इतकं माजलंय की गरी टाकायला जागा शोधावी लागते. अर्जुनी मोरगावकडे ढीवर समाजातल्या बायकांनी बेशरम उपटून तलावात गावठी पाणवनस्पती लावल्या आणि मच्छी परत वाढली. आमच्याकडे कोणी पुढे होईल तर मी येईन.

पवनीजवळून

मी ढीवराचाच पोरगा, पण मला मच्छी धरता येत नव्हती. बाबांनी मुद्दाम शिकवलं नाही. "शिक, साहेब हो." साहेब काही झालो नाही, नागपूरला एका कंपनीत हिशेब बघायचो. ते सोडून गावात दुकान टाकलं, आणि एका संध्याकाळी बाबांना म्हटलं, मला भोरजाळं (हातानं गोल फेकायचं जाळं) फेकायला शिकवा. ते हसलेच. मग म्हणाले, "आंगनात फेक आधी. पान्यात गेल्यावर मच्छी तुले शिकवत नाही."

जाळ्याची दोरी मनगटाला बांधायची, अर्धा घेर डाव्या कोपरावर, शिसं लावलेल्या कडेचा एक भाग दातात, आणि कमरेतून वळून सोडायचं. दात वेळेवर सोडले नाहीत तर काय होतं ते लिहीत नाही. अंगणात जाळं गोल पडायला लागल्यावर पाण्यात उतरलो, तर घेर पुन्हा केळीच्या पानासारखा लांबट. चिखलात पाय रुतले की कंबरच वळत नाही.

पण खरी अडचण वेगळीच. बाबांना वैनगंगेचे डोह पाठ होते. कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात काय, कुठल्या खडकाखाली कोण. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ला झाली. धरणात पाणी अडल्यावर ते सगळे डोह पाण्याखाली गेले. वर नुसतं सपाट पाणी. नागपूरचा नाग नदीचा मैला कन्हानमधून त्याच पाण्यात येतो, वरून जलपर्णी. त्यामुळे या पाण्यात बाबाही माझ्यासारखेच नवशिके. दोघं मिळून नवीन जागा शोधतो. ते म्हणतात इथे उथळ आहे, मी फोनवर नकाशा बघून म्हणतो इथे आधी नाला होता. कधी त्यांचं खरं होतं, कधी माझं. मी हुशारी दाखवली की पुढचा फेर मुद्दाम मलाच टाकायला लावतात.

हौशी लोकांना एक विनंती. गळ टाका, बसा, आमची हरकत नाही. पण पाण्यात विजेचा करंट सोडणारे आणि पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकणारे तुमच्यातही आहेत आणि आमच्यातही. विष आणि स्फोटकांना १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. असं कोणी दिसलं तर गप्प बसू नका.

सिंदेवाहीकडून

पहाटे मासा चांगला लागतो असं जो तो सांगतो. आमच्या तलावावर पहाटे पाणी प्यायला वाघ येतो. म्हणून मी दहाच्या पुढे जातो, एकटा कधीच नाही, आणि चारच्या आत परत. मासे कमी मिळतात. चालते.

यवतमाळ, दारव्ह्याकडचा कास्तकार

तुम्ही झाडीपट्टीवाले, म्हणजे पूर्वेकडच्या जंगल-तलावांच्या भागातले, नशीबवान. आमच्या नाल्याला उन्हाळ्याच्या आधीच पाणी नसते. माझं शेततळं आहे, त्यात रोहू सोडलेत, तिथेच गरी टाकतो. स्वतःच पोसलेला मासा स्वतःच धरायचा, भावाला हे फारच विनोदी वाटते. महत्त्वाचं एवढंच, की प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवा, पोट्ट्यांना एकटं जाऊ देऊ नका, कुंपण करा.

गळ कोणत्या नंबरचा घ्यावा? दुकानात चार आणि दहा दोन्ही दाखवले.

धागा काढणारा

नंबर उलटा चालतो, दहा लहान, चार मोठा. कणकेवर रोहूला आठ-दहा पुरे. मरळीला चार किंवा त्याहून मोठा. आणि पाकीट घेण्याआधी आठवडी बाजारात जाळी विकणाऱ्याकडे बघा, तो सुटे देतो.