प्रतिसाद : आजोबांच्या रुमालातले मोडी कागद

वाड्याच्या माळ्यावर सापडलेले कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला द्यावेत की घरीच ठेवावेत, असं वर विचारलंय. माझं मत, द्यावेत. १९१० साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी मंडळ काढलं. त्याआधी १८९८ मध्ये त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, तोही वाईला एका घरात मिळालेल्या कागदांवरूनच!

पण देण्याआधी रुमाल (कागद बांधून ठेवलेलं कापड) उलगडून कागद विषयवार लावू नका. कुठला कागद कशासोबत बांधलाय, हीसुद्धा माहितीच असते. लॅमिनेशन तर मुळीच नको, चिकटपट्टीही नको. (आमच्या काकांनी हौसेने एक वतनपत्र लॅमिनेट केलं. आता ते सुटतही नाही आणि पिवळं पडतंय.)

'नुसते हिशेब आहेत' म्हणून टाकू नका. धान्याचे भाव, लग्नातला खर्च, सावकाराचं व्याज हे बखरीत थोडंच मिळतं? तारखेत सुहूर सन (जुन्या मराठी कागदांत वापरली जाणारी कालगणना) दिसला तर ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन निघेल. आणि देताना कागद कुठल्या गावचे, कुणाच्या घरचे, हे लिहून सोबत जोडाच.