बुडालेल्या जहाजाला नेमकं काय म्हणायचं?

मीनल_गंगापूररोड: एका दिवाळी अंकासाठी 'इंडियानापोलिस' या अमेरिकन क्रूझरवर (मोठ्या युद्धनौकेवर) लेख लिहितेय. अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचवले, आणि पुढच्या प्रवासात ३० जुलै १९४५ ला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारले, बारा मिनिटांत बुडाली. ऑगस्ट २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा सहसंस्थापक पॉल ॲलन याच्या टीमला फिलिपीन समुद्रात साडेपाच हजार मीटर खाली सापडली. मी लिहिलं 'अवशेष सापडले'. सासरे म्हणाले, अवशेष म्हणजे उरलंसुरलं, फोटोत तर अंगावरचा ३५ नंबर सरळ वाचता येतोय, हे कसले अवशेष? तेव्हापासून अडकलेय. इंग्रजीत बुडालेल्या जहाजाला 'रेक' (wreck) म्हणतात, त्याला एक शब्द सांगा ना.

सिडकोचा_सम्या: रेक आमच्याकडे फक्त कांद्याची असते ताई, मालगाडीची. लासलगावला भरते.

पंचवटीकर: भग्ननौका. आणि 'बुडाली' कशी? जहाज नपुंसकलिंगी, 'बुडालं' लिहा.

मीनल_गंगापूररोड: नौका धरली म्हणून बुडाली. आणि भग्ननौका छापलं तर संपादक मला फोन करून अर्थ विचारतील.

सिडकोचा_सम्या: भग्न मूर्ती लोक गंगेत सोडतात, ही तर आधीच तळाला जाऊन बसलीय.

निफाडची_सून: बुडीत जहाज म्हणा की. धरणाखालच्या जमिनीला आपण बुडीत क्षेत्र म्हणतोच.

जुना_बँकवाला: बुडीत म्हटलं की मला कर्जच दिसतं. ३१ मार्च डोळ्यांसमोर येतो.

निफाडची_सून: तो तुमचा प्रॉब्लेम. आमच्या चांदोरीला पाणी फार उतरलं की नदीतली देवळं उघडी पडतात, तेव्हा कोणी 'अवशेष बघायला चाललो' म्हणत नाही, 'देवळं वर आलीत' असंच म्हणतात. तसं 'जहाज सापडलं' एवढं पुरे ना? कशाला वेगळा शब्द?

पंचवटीकर: म्हणजे मराठीला शब्दच नको! उद्या 'सापडलं'च्या जागी 'डिस्कव्हर झालं' लिहाल.

मीनल_गंगापूररोड: जलसमाधी मिळालेलं जहाज, कसं वाटतं?

नाशिकरोडचे_काका: जलसमाधी नको हो. समाधी माणूस स्वतःहून घेतो. माझे मोठे मामा नेव्हीत होते. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कॅप्टन मुल्ला जहाज सोडून उतरले नाहीत. मामा कधी बुडाली म्हणाले नाहीत आणि जलसमाधीही म्हणाले नाहीत. 'खुकरी गेली' म्हणायचे आणि पानाचा डबा पुढे ओढायचे, सुपारी कातरत बसायचे, मग कोणी काही विचारायचं नाही. इंडियानापोलिसवर ११९५ माणसं होती, वाचली ३१६, बाकीचे कित्येक तर चार दिवस पाण्यात तहानेने आणि शार्कमुळे गेले. त्याला समाधी कुठे म्हणता.

सिडकोचा_सम्या: काका, हे बरोबर बोललात.

तांबट_आळी: आमच्या धंद्यात फुटलेल्या भांड्याला मोड म्हणतात. मोड द्या, नवीन न्या. वजन करताना आजोबा आधी हंड्याच्या बुडावर कोरलेलं नाव वाचायचे, 'सौ. अमुक हिस लग्नात', आणि मगच काट्यावर टाकायचे. घाट गेला, काठ गेला तरी नाव वाचता येईतो ते हंडाच. तुमचा ३५ नंबर ऐकून तेच आठवलं.

जुना_बँकवाला: मोड काय, भंगारच की शेवटी.

पंचवटीकर: भंगार भंग वरून आलंय, म्हणजे पुन्हा माझंच खरं, भग्न!

तांबट_आळी: पण कोकणीत भांगर म्हणजे सोनं, ते कुठून आलं मग? आणि समुद्रातलं भंगार सोनंच असतं लोकांना. १९४२ ला जावा समुद्राच्या लढाईत बुडालेली 'डी रॉयटर' आणि 'जावा' ही डच जहाजं २००२ मध्ये सापडली होती, २०१६ ला पाणबुडे परत गेले तर वाळूत नुसते आकार उरलेले, अख्खी जहाजं गायब. चोरून भंगार काढणाऱ्यांनी नेली असं मानतात.

मीनल_गंगापूररोड: बापरे. मग त्या खड्ड्यांना तरी अवशेष म्हणू का?

निफाडची_सून: हो, तिथे चालेल.

पंचवटीकर: भांगर आणि भंगार यांचा काडीचा संबंध नाही, उगाच ध्वनीवरून जोडू नका.

तांबट_आळी: आत्ता 'भग्न' तुम्ही कशावरून जोडलंत मग?

जुना_बँकवाला: आमच्या मंगलोरच्या मॅनेजरला भांगरचं विचारतो, थांबा.

मीनल_गंगापूररोड: लेख शुक्रवारी द्यायचाय हो...