एका चित्रकारानं सात वर्षं एकाच रिकाम्या रस्त्याचं चित्र रंगवायचं, याला काही अर्थ आहे का?

करडाकुंचला: माझ्या मते आहे. तो चित्रकार म्हणजे अंतोनिओ लोपेस गार्सिया, स्पेनमधल्या तोमेयोसोचा, जन्म १९३६. माद्रिदची ग्रान व्हिया म्हणजे कायम गजबजलेला रस्ता, तो यानं १९७४ ते १९८१ रंगवला आणि त्यात एक माणूस नाही. उन्हाळ्यात पहाटे इझेल, म्हणजे चित्राचा स्टँड, घेऊन जायचा, हवा तो उजेड जेमतेम वीसेक मिनिटं टिकायचा, मग गाशा गुंडाळून घरी. चित्रातलं घड्याळ साडेसहा दाखवतं. ते बघताना मला गलबलून येतं, रस्ता ओस वाटतच नाही, सगळे आत्ताच उठून गेलेत असं वाटतं.

सरळरेघ: वीस मिनिटांसाठी फोटो काढायचा ना! मेहनत जास्त म्हणून चित्र मोठं होत नाही. आणि १९७५ ला स्पेनचा हुकूमशहा फ्रँको गेला, अख्खा देश ढवळून निघत होता, अशा वेळी नेमकी माणसंच गाळायची? मला ही पळवाट वाटते.

ओलाकॅनव्हास: फोटोचं म्हणताय तर त्याचं १९६७ चं बेसिन आणि आरशाचं चित्र बघा, बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे. आरसा समोरून दिसतो, बेसिन वरून वाकून बघितल्यासारखं, आणि दोन्ही नजरा मधल्या टाइल्सच्या पट्ट्यात सांधल्यात, तो सांधा त्यानं लपवलेला पण नाही. फळीवर दाढीचं सामान आहे आणि आरशात जिथे चित्रकाराचा चेहरा दिसायला हवा तिथे कोणीच नाही. कॅमेरा एका क्लिकमध्ये एकाच ठिकाणाहून बघतो, इथे माणूस मान खाली-वर करतोय ते कळतं.

सरळरेघ: बेसिनचं पटलं. पण मग स्पेनच्या राजघराण्याचं चित्र? १९९४ ते २०१४, वीस वर्षं! त्यातून काय हाती लागलं?

करडाकुंचला: अहो, ते तर फोटोंवरूनच केलंय! आणि मला पण ते थंड वाटतं, खरं सांगते. समोर उभं राहून, रोज तोच उजेड गाठून केलेलं काम आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून बघा म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल.

सरळरेघ: फोटोबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. माणसांचं नाही. त्या सात वर्षांत त्याच शहरात लोक रस्त्यावर उतरत होते, आणि चित्रात त्यांची सावली पण नाही, हे मला खुपतं ते खुपतंच.