पिनांचा कापडी फलक : अस्तर बंद शिवावे की उघडे ठेवावे?

प्रेषक : चिटणीस (सध्या मुक्काम राजारामपुरी, कोल्हापूर)

सर्वांना सप्रेम नमस्कार. आपल्या ऑलिंपिकच्या पिना, म्हणजे छातीवर लावायची धातूची छोटी बोधचिन्हे, ज्यावर टोचून मांडायच्या त्या फलकाचे कापड आज महाद्वार रोडवर घेतले असून शिंपीकाकांना उद्या संध्याकाळपर्यंत निर्णय कळवायचा आहे. फलक इथेच शिवून तिकडे कुरियरने पाठवायचा आहे. फलक दीड फूट रुंद व दोन फूट लांब होईल. दर्शनी बाजूस वांगी रंगाचा खण, त्यामागे ताठपणासाठी बकरम व नमद्यासारखे फेल्ट, आणि वर दांडीसाठी नेफा, हे सर्व ठरल्याप्रमाणेच आहे. अडचण एवढीच, की शिंपीकाका चारही बाजूंनी टीप मारून फलक बंद करू म्हणतात. तसे केल्यास पिनेच्या मागची पितळी टोपी अस्तराच्या बाहेर, म्हणजे थेट भिंतीवर येईल आणि सभागृहाच्या रंगावर चरे पडतील. मागच्या वेळी मखराने काय झाले ते सर्वांना आठवत असेलच. अस्तर फक्त वर शिवून खालून मोकळे सोडावे, असे माझे मत आहे. कृपया लवकर कळवावे.

प्रेषक : सजावट समिती

चिटणीससाहेब, खण कोणी ठरवला, हे समितीला कळले असते तर बरे झाले असते. खणाचा पन्हा मुळातच चोळीपुरता असतो, त्यामुळे दुमड धरल्यावर हाती फारसे कापड उरत नाही, ही एक गोष्ट झाली. दुसरी अधिक महत्त्वाची. रेशमी धाग्याच्या घट्ट विणीत पडलेले भोक इस्त्रीनेही पुरते बुजत नाही आणि आपल्याकडे पिनांच्या जागा दर कार्यक्रमाला बदलतात. जाड सुती कापडावर बोटाने धागे सारले तरी भोक दिसेनासे होते, आणि तसे कापड इचलकरंजीहून शेजारच्या शेजारी येते. खण हवाच असेल, तर तो कडेला चार बोटे लावावा.

प्रेषक : शिवणवर्गाच्या काकू

खणाचा वाद सावकाश घाला, आधी जाडी मोजा. साध्या पिनेची काडी सुमारे आठ मिलिमीटर असते आणि त्यातले पाच-सहा मिलिमीटर टोपीच खाते, कारण टोपीच्या पोटातील कमानी काडीच्या टोकाजवळच्या खाचेत बसाव्या लागतात. म्हणजे कापडाच्या वाट्याला जेमतेम दोन मिलिमीटर उरतात. चिटणीसांनी घेतलेले फेल्ट तीन मिलिमीटरचे असेल, तर एकही टोपी धरणार नाही, आणि अस्तर उघडे की बंद हा प्रश्नच उरणार नाही. एक मिलिमीटरचे फेल्ट घ्यावे. त्याला वीण नसल्यामुळे ते उसवत नाही, कडा दुमडाव्या लागत नाहीत. बकरम इस्त्रीने चिकटणारे, पातळ घ्यावे, पण गाळू नये. ते नसेल तर मोठी पिन मान टाकते.

प्रेषक : ग्रंथपाल

काकूंच्या मोठ्या पिनेवरून आठवले. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकला खेळाडू आणि पंच ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याच्या चकत्या लावत, त्यातून ही पिनांची हौस पुढे वाढली. आपल्या फलकावर १९५२ची हेलसिंकीची पिन सर्वांत वर असावी, असा माझा आग्रह आहे. खाशाबा जाधवांचे कुस्तीतील कांस्यपदक त्या वर्षीचे, आणि ते कोल्हापूरच्या तालमीत घडलेले. पॅरिस २०२४ची पिन त्याखाली, कारण तिथे नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीचे. वडिलांबरोबर कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या पाहिल्या असल्याने मला या क्रमाबद्दल तडजोड मान्य नाही.

प्रेषक : खजिनदार

क्रम कोणताही ठेवा, पण दांडी कोल्हापुरात घेऊ नये. कुरियरला वजनापेक्षा लांबी महागात पडते. दांडी आपल्याकडे इथे लाकडाच्या दुकानात मिळते. टोप्या रबरी घेतल्या तर भिंतीचा प्रश्न अस्तराशिवायच सुटेल.

प्रेषक : शिवणवर्गाच्या काकू

रबरी टोपी वारंवार काढघाल केली की सैल होते. हेलसिंकीची पिन जमिनीवर पडून मीना उडाला, तर ती पुन्हा कुठून आणणार? आणि अशी वजनदार पिन नेफ्यालगतच लावा, तिथे कापड दांडीला ताणलेले असते. ग्रंथपालांचा क्रम या कारणाने मला मान्य आहे.

प्रेषक : चिटणीस

शिंपीकाकांशी आताच बोललो. मध्यभागी इचलकरंजीचे जाड सुती कापड, कडेला खणाची पट्टी, मागे पातळ बकरम आणि एक मिलिमीटरचे फेल्ट. हे तीन थर चारही बाजूंनी एकत्र शिवले जातील. पिना या थरांतूनच टोचायच्या आणि टोप्या फेल्टच्या मागे बसवायच्या. अस्तर त्याहून वेगळे, केवळ नेफ्याच्या टिपेत धरलेले, पडद्यासारखे टोप्यांवर पडेल. ते हलू नये म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांना टिचबटणे लावायची. काकांनी आधी नकारार्थी मान हलवली, पण सुती तुकड्यावर पिन लावून, अस्तर उचलून टोपी काढून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच टिचबटणांची जागा खडूने आखली. दांडी पाठवत नाही. नेफा पाऊण इंचाची दांडी सहज सरकेल इतका रुंद ठेवायला सांगितला आहे.

प्रेषक : सजावट समिती

ठीक आहे. मात्र टांगण्याची दोरी समितीकडे आहे, तीही कोल्हापुरात घेऊ नये.