तांब्याच्या सळ्या पुरून भूकंप कळतो म्हणे!

कातळ: "कोयना खोऱ्यात शेताच्या दोन टोकांना तांब्याच्या सळ्या ठोका, मल्टिमीटर जोडा, खडक फुटण्याआधी वीज सोडतो" ही पोस्ट वाचून राहवलं नाही. ओल्या मातीत तांब्याचं स्वतःचंच विभव (व्होल्टेज) सरकत राहतं. पाऊस आला, खत पडलं, मोटार सुरू झाली की आकडा हलणार. विभव स्थिर ठेवणारे शिसं-शिसं क्लोराइडचे इलेक्ट्रोड बेंटोनाइट मातीच्या चिखलात बसवा, मग बोला. शिवाय कोयनेत बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे; दाबल्यावर वीज देणारं क्वार्ट्झ कुठून आणणार?

ओममीटर: बेसाल्ट वरचं सव्वा किलोमीटर! कोयनेतल्या गोठणे गावच्या तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये त्याखाली क्वार्ट्झवाला ग्रॅनाइट-नाइस खडक लागलाय. आणि भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडेमान फ्रॉइंडनी गॅब्रो हा क्वार्ट्झ नसलेला खडक दाबूनही प्रवाह मोजलाय.

कातळ: ग्रॅनाइटमधले क्वार्ट्झचे कण वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात, एकाचा प्रभार दुसरा खातो. प्रयोगशाळेत दगड प्रेसमध्ये दाबून केलेल्या प्रयोगांचं तर विचारूच नका. निम्मा सिग्नल केबलचा असतो.

गाभा५०: केबलचं खरंय. साधी कोअॅक्स केबल हलली तरी घर्षणाने प्रभार तयार होतो. ग्रॅफाइटचा थर असलेली लो-नॉइज केबल घ्या आणि टेपने घट्ट बांधा. 50 मिमी व्यास, 100 मिमी लांबीचा दगडाचा गाभा 105 अंशांवर 24 तास वाळवा, बाहेरची वीज अडवणाऱ्या धातूच्या फॅराडे पिंजऱ्यात ठेवा, प्लेटनपासून (प्रेसच्या दाबपट्टीपासून) टेफ्लॉन घालून विजेपुरता वेगळा करा.

कातळ: टेफ्लॉन? घासून प्रभार धरण्यात त्याचा हात कोण धरतो! अभ्रक लावा.

गाभा५०: अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, तेव्हाही प्रभार येतो. अॅल्युमिना घ्या. तेही नको? मग दगडाच्या जागी अॅल्युमिनियमचा दंडगोल ठेवून तोच भार द्या. तरी विजेचे स्पंद आले तर ते यंत्राचे. एवढं करायला कोणालाच वेळ नसतो, वाद घालायला असतो.

ओममीटर: झालं? आता जमिनीकडे या. कॅलिफोर्नियातल्या 1989 च्या लोमा प्रिएटा भूकंपाआधी तिथल्याच कॉरालिटोसला 0.01 हर्ट्झच्या आसपास चुंबकीय गोंधळ नोंदला गेला होता.

कातळ: आणि 2009 मध्ये त्या नोंदीवर उपकरणदोषाचा आक्षेप आला, ते गाळलंत! 2004 ला कॅलिफोर्नियातल्याच पार्कफील्डला उपकरणांचं जाळं असताना 6.0 चा धक्का बसला, आधी काही दिसलं नाही.

गाभा५०: जमिनीची रोधकता (वीज अडवण्याची क्षमता) 100 ओम-मीटर धरा. 10 किलोहर्ट्झचा सिग्नल 50 मीटरमध्येच एक-तृतीयांशाच्या आसपास येतो, 0.01 हर्ट्झला तेच अंतर 50 किलोमीटर. म्हणजे प्रेसमध्ये दिसतात तसले टकटक स्पंद खोलातून वर पोचणारच नाहीत.

कातळ: बरं बाबा, 0.01 वर ऐकण्यात अर्थ आहे, मान्य. पण तिथे सौर वादळंही बोलतात. ती वजा करायला दूरचं संदर्भ केंद्र आणि कित्येक महिन्यांची नोंद लागेल. मल्टिमीटरवाल्यांनी सळ्या तेवढ्या उपटून घ्याव्यात, नांगराला लागतील.